पोत्यावरची चिठ्ठी आणि पोत्यातला माल

धर्माबादच्या वाचकांना मिरचीबद्दल आम्ही काही शिकवावे, हा उद्धटपणा होईल. इथल्या कितीतरी भगिनींची बोटे देठ खुडून खुडून लाल झाली आहेत आणि कितीतरी बांधवांच्या पाठी पोती वाहून वाकल्या आहेत. तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेलीच एक गोष्ट फक्त आठवून देतो. पोते दारात आले की आडत्या त्याच्यावरची चिठ्ठी वाचून स्वस्थ बसत नाही. तो पोत्याचे तोंड सोडवतो, कोपरापर्यंत हात घालतो, तळातली मूठभर मिरची वर काढतो, मोडतो, हुंगतो, ओल आहे का ते पाहतो. चिठ्ठी लिहिणारा आणि माल भरणारा एकच असतो आणि त्याला भाव हवा असतो, एवढे व्यवहारज्ञान आडत्याजवळ असते.

आज हे मिरचीपुराण लावण्याचे कारण मात्र संगणक आहे.

पावसाळ्याच्या तोंडी आम्ही स्टेशनकडच्या एका ऑनलाइन सेंटरवर बसलो होतो. प्रवेशाचे दिवस, त्यामुळे दाराबाहेरपर्यंत गर्दी. एक मावशी मुलीला घेऊन शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आल्या होत्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद, कागदांवर पुन्हा प्लास्टिक. सेंटरवाल्या पोराने तिसऱ्यांदा मुलीचा फोटो चढवला आणि तिसऱ्यांदा पडद्यावर लाल अक्षरे आली की फाइल स्वीकारता येत नाही. मावशी म्हणाल्या, “काहून घेईना रे बाबा? गरिबाचं लेकरू म्हून घेईना का?”

पोरगा म्हणाला, “तसं नाही मावशी. फोटो लई मोठा झालाय. बारीक करून टाकतो.”

शेजारच्या संगणकावर एक मुलगा दुसऱ्या एका खासगी संस्थेच्या वेबसाइटवर अर्ज भरत होता. घाईत त्याचा हात चुकला आणि जात प्रमाणपत्राच्या रकान्यात मोबाइलमधला मामाच्या वरातीचा व्हिडिओ चढला. बराच वेळ चाक फिरले आणि मग पडद्यावर हिरवी अक्षरे आली: आपले जात प्रमाणपत्र यशस्वीरीत्या प्राप्त झाले आहे. सगळे सेंटर हसले. आम्हीही हसलो. मावशी तर म्हणाल्या, “हे मशीन बरं हाय बाई, काही बी घेतंय.”

त्या हसण्याची आम्हाला पुढे लाज वाटली. दिवाळीनंतर एका ओळखीच्या पालकाने सांगितले, म्हणून आम्ही त्याच संस्थेच्या वेबसाइटचा पत्ता मोबाइलवर उघडला, तर रमी आणि सट्ट्याच्या जाहिराती पुढे आल्या. संस्थेत विचारले, तेव्हा “नवीन बनवायला दिली आहे” एवढेच उत्तर मिळाले. जुनी वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाने शेवटी विद्यार्थ्यांच्या फोटोंचे फोल्डर धुंडाळले. त्यात शेकडो चेहऱ्यांच्या मधोमध एक फाइल फोटो नसलेली निघाली. ती कोणी टाकली, कोठून टाकली याचा मागमूस नव्हता. ज्या दाराने मामाची वरात आत गेली होती, त्याच दाराने ती गेली होती.

आता हे घडते कसे, ते समजून घेऊ. आम्ही संगणकतज्ज्ञ नाही. पण ज्याने आपली मुले फॉर्म भरतात ते यंत्र कसे चालते, हे आईबापांनी जाणून घेणे गैर नाही.

वेबसाइट म्हणजे कोठेतरी दूर, बहुधा मोठ्या शहरात, अहोरात्र चालू असलेला एक संगणक असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. तो अतिशय आज्ञाधारक नोकर आहे असे समजा. त्याच्याजवळ ठेवलेला फोटो मागितला तर तो फोटो दाखवतो. पण त्याच्याजवळ आज्ञापत्र ठेवलेले असेल, म्हणजे प्रोग्रामची फाइल असेल, आणि ती मागितली, तर तो ती वाचून दाखवत नाही. तो तिच्यात लिहिल्याप्रमाणे वागू लागतो. १९९५ साली रासमुस लेरडॉर्फ नावाच्या गृहस्थाने पीएचपी नावाची भाषा जगापुढे आणली. आज जगातल्या बहुसंख्य वेबसाइटी त्याच भाषेवर चालतात, आणि लहान संस्थांच्या तर अधिकच. या भाषेतली चार ओळींची फाइल जर कोणी ‘माझा फोटो’ म्हणून चढवली, सर्व्हरने ती घेतली आणि फोटोंच्या फोल्डरमध्ये ठेवली, तर पुढचे काम सोपे असते. चढवणारा माणूस त्या फाइलचा पत्ता आपल्या मोबाइलवर टाइप करतो. नोकर धावत जातो, आज्ञापत्र उघडतो आणि परक्याची चाकरी सुरू करतो.

अशा फाइलला जाणकार ‘वेब शेल’ म्हणतात. ती एकदा आत बसली की बाहेरचा माणूस घरात बसल्यासारखा वावरतो. तो कोणते फोल्डर कोठे आहे ते पाहतो. ज्या फाइलमध्ये सगळ्या अर्जांच्या कोठाराचा पासवर्ड लिहिलेला असतो, ती वाचतो. अर्ज उतरवून घेतो, हवे तर पुसतो, बदलतो. आणि जाताजाता संस्थेच्या चांगल्या नावावर सट्ट्याच्या पाट्या लावतो. पाट्या आपल्याला दिसतात, म्हणून आपण त्यालाच चोरी समजतो. उतरवून नेलेले कागद दिसत नाहीत. मूळ कागद पिशवीत असतो, सर्व्हरवरची प्रतही जागच्या जागी असते. काही गेल्यासारखे वाटतच नाही.

कोणी म्हणेल, वेबसाइट तपासत नाही का? तपासतात, पण पुष्कळदा चिठ्ठी तपासतात. फाइलच्या नावाच्या शेवटी जेपीजी लिहिले असले की तिला फोटो समजायचे, पीडीएफ लिहिले असले की दाखला समजायचा. नाव बदलायला किती वेळ लागतो? दुसरी चिठ्ठी फाइलबरोबर आपोआप जाते, ‘आत चित्र आहे’ असे सांगणारी. पण तीही पाठवणाऱ्याच्याच संगणकावर लिहिली जाते आणि त्याला ती वाटेल तशी लिहिता येते. तिसरा प्रकार तर फारच भाबडा आहे. तपासणीचे काम अर्ज भरणाऱ्याच्याच ब्राउझरकडे सोपवलेले असते. म्हणजे चोराला सांगायचे की बाबा, तुझी झडती तूच घे आणि काही सापडले तर कळव! प्रामाणिक मावशींना ही तपासणी अडवते. लबाडाला ती अडवत नाही, कारण तो ब्राउझरच्या वाटेने येतच नाही.

तळातली मूठ काढून पाहणे संगणकालाही शक्य आहे. खऱ्या पीडीएफ फाइलच्या अगदी सुरुवातीला पीडीएफ ही अक्षरे असतात. खऱ्या जेपीजी फोटोच्या सुरुवातीचे बाइट ठरलेले असतात. ते पाहता येतात. पण लबाड व्यापारी जसा वर चांगली मिरची आणि खाली खडे भरतो, तसे सुरुवातीला फोटोचे बाइट ठेवून पुढे प्रोग्राम लिहिणारेही आहेत. म्हणून एका मुठीवरही भागत नाही. फोटो आत घेतल्यावर तो नव्याने काढून ठेवावा, म्हणजे चित्र तेवढे उरते आणि चिकटून आलेले गळून पडते, हा त्यावरचा चांगला उपाय मानतात.

आणि इथे मावशींची तक्रार आम्ही परत घेऊन येतो. इतक्याच केबीचा फोटो द्या, एवढ्याच प्रकारची फाइल द्या, असा जो छळ वाटतो, तो सगळाच छळ नसतो. अमर्याद मोठी फाइल घेणाऱ्या सर्व्हरची जागा कोणीही भरून टाकू शकतो, आणि मग शेवटच्या तारखेला कोणाचाच अर्ज जात नाही. ४२ किलोबाइटची एक कुप्रसिद्ध झिप फाइल आहे. ती पूर्ण उलगडत गेले तर साडेचार पेटाबाइट, म्हणजे ४५ लाख गिगाबाइट होते. पोते एका पोराने खांद्यावर आणावे आणि तोंड सोडताच त्यातून साऱ्या तालुक्याचा माल बाहेर पडावा, तसा प्रकार. ‘नाही’ म्हणणारे मशीन गरिबाचे वैरी नव्हते. वरात गिळणारे मशीन वैरी होते. (तरीही फोटो का नाकारला, हे साध्या मराठीत सांगायला सरकारी वेबसाइटींना काय होते, हा आमचा प्रश्न कायम आहे.)

हे दुखणे नवीन नाही आणि फक्त लहान गावच्या वेबसाइटींचे नाही. संगणकातल्या चुकांची जगभर एक यादी ठेवली जाते. तिच्यात ‘धोकादायक प्रकारची फाइल बिनदिक्कत आत घेणे’ ही चूक ४३४ क्रमांकाने नोंदलेली आहे आणि सर्वांत घातक २५ चुकांच्या वार्षिक यादीत ती वर्षानुवर्षे ठाण मांडून बसली आहे. कारण ही चूक बहुधा आळसातून होते.

एक गोष्ट ऐका. फाइल चढवण्याची सोय वेबसाइटला जोडून देणारे एक तयार साधन होते. फुकट मिळायचे, म्हणून जगभरच्या हजारो लोकांनी ते उचलले आणि आपापल्या कामात वापरले. चढवलेल्या फाइली चालू नयेत यासाठी त्याच्या कर्त्याने फोल्डरमध्ये एक लहानशी सूचनेची फाइल ठेवली होती. सर्व्हरने ती वाचायची आणि या फोल्डरातली आज्ञापत्रे पाळायची नाहीत. पण अपाची नावाच्या सर्व्हरने २०१० मध्ये आपला नियम बदलला. अशा सूचना, मालकाने मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय, वाचायच्याच नाहीत असे ठरवले. दारावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी होती, पण पहारेकऱ्याने पाट्या वाचणे सोडले होते. लॅरी कॅशडॉलर या संशोधकाने ही गोष्ट ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर केली. तोपर्यंत ८ वर्षे गेली होती, आणि मधल्या काळात चोरांना ती वाट ठाऊक झालेली होती.

सप्टेंबर २०२० मध्ये वर्डप्रेसच्या ‘फाइल मॅनेजर’ या जोडसाधनात असेच निघाले. ते ७ लाखांहून अधिक वेबसाइटींवर बसवलेले होते. चाचणीसाठी वापरलेली एक फाइल त्यात तशीच राहून गेली होती. तिच्यामुळे कोणीही, नाव-पासवर्ड काहीही न देता, वाटेल ती फाइल चढवू शकत होता.

आणि इक्विफॅक्स. लोकांच्या कर्जाचा हिशेब ठेवणारी ही अमेरिकेतली प्रचंड कंपनी. २०१७ साली तिच्याकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. जन्मतारखा, पत्ते, सरकारी ओळखक्रमांक, सगळे. चोर आत शिरले ते फाइल चढवण्याची सोय सांभाळणाऱ्या एका भागातून. तिथे तर त्यांना फाइलसुद्धा लागली नाही. वर सांगितलेली ती दुसरी चिठ्ठी असते ना, ‘आत काय आहे’ सांगणारी? त्या चिठ्ठीतच त्यांनी हुकूम लिहून पाठवले आणि सर्व्हर ते वाचतावाचता पाळत सुटला. त्यावरचा उपाय मार्च २०१७ मध्येच सगळ्यांना फुकट उपलब्ध झाला होता. कंपनीने तो वेळेवर लावला नाही. मे महिन्यात चोर आत होते आणि लोकांना कळले सप्टेंबरमध्ये.

हे सगळे दूरचे वाटत असेल, तर आपल्या पिशवीकडे वळू.

अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा रहिवास दाखवावा लागतो, हे आपल्याकडे घराघरात पाठ आहे. त्यासाठी आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा शोधायचा. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून जुनी नोंद पुष्कळदा उर्दूत. ती वाचणारा माणूस शोधायचा, भाषांतर करून घ्यायचे. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर चुलत घराण्यातला शिकलेला कोण ते विचारत गावोगाव फिरायचे. मग वंशावळ, शपथपत्र, तहसीलला खेटे, आणि पुढे पडताळणी समिती. १९९० मध्ये केंद्राने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू केल्या. त्या सवलतींपर्यंत पोहोचायची वाट या कागदांवरून जाते. एका पिशवीत तीन पिढ्यांचे पायपिटीचे दिवस असतात. आणि ती पिशवी आता आपण दर जूनमध्ये आठ ठिकाणी स्कॅन करून चढवतो.

चोराला यातून पैसे हवे असतील. आधार, बँक पासबुक, मोबाइल क्रमांक आणि सही एकत्र मिळाली की दुसऱ्याच्या नावावर सिमकार्ड किंवा कर्ज काढायचा प्रयत्न करता येतो. पण आपल्या दाखल्यात पैशापलीकडचीही एक गोष्ट असते. नांदेडला किंवा लातूरला शिकवणीसाठी गेलेल्या मुलीला खोली मिळवताना काय काय विचारतात, आडनाव सांगितल्यावर ‘खोली आत्ताच गेली’ असे कसे ऐकावे लागते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. कोणाला काय सांगायचे आणि केव्हा सांगायचे, हे तिने ठरवायचे असते. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला आणि त्याचा आधार संविधानाच्या २१ व्या कलमात दाखवला. तिचा दाखला कोण्या परक्याच्या फोल्डरमध्ये पडून असला, तर हे ठरवणे तिच्या हातात राहत नाही.

असे घडलेले आहे. बाबासाहेबांच्या नावावरून ‘भीम’ म्हटले गेलेले पैसे पाठवण्याचे ॲप ३० डिसेंबर २०१६ रोजी सुरू झाले. पुढे लोकांना आणि दुकानदारांना ते वापरायला लावण्याची मोहीम कॉमन सर्व्हिस सेंटरांमार्फत राबवली गेली आणि तिच्यासाठी एक वेबसाइट होती. सेंटरचालक तिच्यावर लोकांचे कागद चढवत. एप्रिल २०२० मध्ये व्हीपीएनमेंटर या संस्थेच्या संशोधकांना ते सगळे कागद इंटरनेटवर उघडे पडलेले आढळले. भाड्याने घेतलेल्या साठवणुकीच्या जागेला कुलूपच लावलेले नव्हते. ४०९ गिगाबाइट माल आणि सुमारे ७२ लाख ६० हजार नोंदी, असे त्यांनी जाहीर केले. त्यात आधारच्या प्रती होत्या, पदव्यांची प्रमाणपत्रे होती, आणि जातीचे दाखले होते. त्यांनी कळवल्यानंतर मे महिन्याच्या उत्तरार्धात ती जागा बंद झाली. भीम ॲप चालवणाऱ्या राष्ट्रीय देयके निगमाने ॲपमधील माहितीला धक्का लागलेला नाही असे सांगितले. ते ॲपपुरते. दाखले ॲपमधले नव्हतेच, वेबसाइटवर चढवलेले होते.

इथे चूक वेगळी होती, हे खरे. आत काय येते ते न पाहण्याची नव्हती, आत आलेले झाकून न ठेवण्याची होती. पण या दोन चुका सख्ख्या बहिणी आहेत. लोकांची फाइल घेणे म्हणजे फक्त एक बटण बसवणे, असे ज्याला वाटते, त्याच्या घरी दोघीही नांदतात.

आता थोडे आमच्या मुलामुलींशी बोलू, कारण या वेबसाइटी कोणी आकाशातून टाकत नाही. बीसीए, बीएस्सी संगणक शिकलेली आपलीच मुले पाच-दहा हजारांत संस्थांच्या, पतपेढ्यांच्या, मंगल कार्यालयांच्या वेबसाइटी बनवून देत आहेत, आणि याचा आम्हाला अभिमान आहे. तुम्हाला आमची विनंती अशी की फाइल घेण्याचे बटण बसवाल, तेव्हा घाई करू नका. काय घ्यायचे नाही याची यादी करू नका, ती कधीच पुरी होत नाही. काय घ्यायचे तेवढेच लिहा, बाकी सगळे परत पाठवा. तपासणी सर्व्हरवर करा. आलेल्या फाइलचे नाव फेकून द्या आणि स्वतः नवे, कोणाला ओळखता न येणारे नाव द्या, कारण नावातही वाटा बदलण्याच्या खुणा दडवता येतात. चढवलेल्या फाइली वेबसाइटच्या फोल्डरच्या बाहेर ठेवा, जिथे पत्ता टाइप करून कोणी पोहोचू शकणार नाही आणि जिथे कोणतेही आज्ञापत्र पाळले जाणार नाही. एसव्हीजी नावाचा चित्रप्रकार निरुपद्रवी दिसतो, पण त्याच्या पोटात चालणारा मजकूर बसू शकतो. फुकटचे जोडसाधन बसवले तर ते ताजे ठेवा. आणि दाखला पाहायचा अधिकार कोणाकोणाला, हे प्रत्येक वेळी विचारणारे कुलूप ठेवा. हे सारे करायला एक-दोन दिवस अधिक लागतील. संस्थाचालकाकडे त्यांचे पैसे मागा. तो नाही म्हणाला, तर ‘मग कागद मागवू नका, कागद हातात घ्या’ असे त्याला तोंडावर सांगा.

संस्थाचालकांनाही आता मोकळे सुटता येणार नाही. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले आणि त्यातली बंधने टप्प्याटप्प्याने लागू होण्याची मुदत ठरली. माहिती सांभाळण्याची पुरेशी तजवीज केली नाही, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्याआधीच, एप्रिल २०२२ मध्ये, सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने कंपन्यांना आणि सरकारी कार्यालयांना हुकूम काढला होता की अशी घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावे. ‘नवीन बनवायला दिली आहे’ हे उत्तर त्यात बसत नाही. आपला दाखला कोणाकडे आहे, कशासाठी आहे आणि काम झाल्यावर पुसला का, हे लेखी विचारायला शिका. अर्ज करणे आपल्या लोकांना कोणी शिकवावे लागत नाही.

उलट्या दिशेचा एक धोका मात्र घरातच रोखायचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचे निमंत्रण आले. खाली पत्रिका म्हणून फाइल होती. ती पत्रिका नव्हती, एपीके म्हणजे मोबाइलमध्ये बसणारा प्रोग्राम होता. ती उघडली आणि खात्यातून २ लाखांच्या आसपास रक्कम गेली. पहा, तीच गोष्ट! चिठ्ठीवर पत्रिका आणि पोत्यात भलतेच. इथे आपण सर्व्हरच्या जागी असतो. लग्नपत्रिका फोटोत किंवा पीडीएफमध्ये येते, तिला ‘इन्स्टॉल’ करावे लागत नाही. असे काही झालेच, तर लाजत बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पैसे वाटेत असेपर्यंत थांबवता येण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी ती फार कमी होते.

कागद चढवताना घरच्यांनी करता येण्याजोगे थोडेच आहे, पण ते करावे. जिथे चालते तिथे पहिले ८ आकडे झाकलेले आधार द्यावे. तसे ते आधारच्या अधिकृत वेबसाइटवरून उतरवता येते. प्रतीवर, मजकूर झाकला जाणार नाही अशा बेताने, कशासाठी दिली आणि तारीख लिहावी. आणि सेंटरच्या संगणकावर आपले कागद मागे ठेवून उठू नये.

हे शेवटचे आम्ही त्या दिवशी मावशींसमोरच सेंटरवाल्या पोराला म्हणालो. तो चांगला मुलगा, जरा ओशाळला. त्याने डाउनलोडचे फोल्डर उघडले. आधीच्या वर्षांतले सगळे तिथे होते: कोणाचे आधार, कोणाचे उत्पन्नाचे दाखले, कोणाच्या बारावीच्या गुणपत्रिका, एका मयताचा दाखला, आणि सर्वांत खाली मामाची वरात. “सर, हे कधी बघितलंच नाही,” तो म्हणाला. बाहेरची रांग तशीच ठेवून तो एकेक पाहून पुसू लागला. मावशींचा फॉर्म केव्हाच गेला होता, पावतीही हातात होती. तरी त्या उठल्या नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन, पडद्याकडे पाहत बसून राहिल्या आणि मधूनमधून विचारत होत्या, “आमचं पुसलास का रे? पोरीचं पुसलास का?”